गंधरसायनांचे संवेदी परीक्षण

खाद्य फ्लेवरमध्ये घालायचे गंधरसायन नाकाने आणि तोंडाने पारखण्याची पद्धत. बाटली उघडून घेतलेला वास इथे जवळजवळ निरुपयोगी. पी-मेंथीन-८-थायॉल बाटलीत उग्र गंधकी लागते, तेच पीपीबीच्याही (अब्जात एक भाग) सूक्ष्म अंशावर आणले की ग्रेपफ्रूट. फ्युरॅनिऑल दाट असता करपट साखरेकडे झुकते, विरळ असता स्ट्रॉबेरीकडे. म्हणून नोंदवहीत वर्णनाशेजारी मात्रा नसेल तर ती नोंद बाद समजावी.

वासासाठी इथेनॉलमध्ये १ टक्का द्रावण करतात. गंधकयुक्त रसायनांचे ०.०१ टक्का किंवा त्याहून विरळ. कागदी पट्टीचे टोक अर्धा सेंटिमीटर बुडवायचे, अल्कोहोल उडू द्यायचे, मग हुंगायचे. पुन्हा दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी. हलके रसायन उडून गेल्यावर मागे राहिलेला वास बहुधा जड अशुद्धीचा असतो.

चवीसाठी ५ टक्के साखरेचे पाणी घेतात. फळांच्या स्वादाला त्यात ०.०५ टक्के सायट्रिक आम्ल, तिखटमिठाच्या पदार्थांना साखरेऐवजी ०.५ टक्के मीठ. १ टक्का द्रावण ०.१ ग्रॅम घेऊन १०० ग्रॅम पाण्यात मिसळले की १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) होते. मात्रा कमीकडून जास्तीकडेच चढवायची; उलट केल्यास नाक आधीच मरते. घोट तोंडात फिरवून श्वास नाकावाटे सोडायचा, कारण फ्लेवर म्हणून जे जाणवते ते बहुतांशी घशामागून नाकात चढलेला वास असतो. दुसरा घोट नाक चिमटून: आता उरेल तो कडवटपणा, थंडावा किंवा झोंबणे.

चुका बहुधा द्रावकात होतात. प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रावक अल्डिहाइड वर्गातल्या रसायनांशी संयोग पावून अ‍ॅसिटल हे वेगळेच संयुग बनवते. व्हॅनिलिन हेही अल्डिहाइडच; त्याचे या द्रावकातले जुने द्रावण फिके लागते आणि दोष मालाला दिला जातो. आंबेमोहोर व बासमतीच्या वासातले २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन पाण्यात ०.१ पीपीबीलाही जाणवते, पण शुद्ध स्वरूपात टिकत नाही, गडद पडते. द्रावण ताजेच हवे. प्लॅस्टिकचे पेलेही टाळावेत. नमुना अन्नदर्जाचाच असावा. भारतात फ्लेवरमध्ये बंदी असलेले कूमरीन चाखायलाही घेत नाहीत.

पुरवठादार बदलताना त्रिकोण चाचणी लावतात: तीन पेले, दोन सारखे, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतो. त्यामुळे २४ परीक्षकांपैकी किमान १३ जणांनी ओळखला तरच ५ टक्के पातळीवर, म्हणजे निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असता, फरक खरा धरतात.