शॅडो फाईलमधला 'सहा' आणि 'वाय': डेबियनने पासवर्ड कमकुवत केला का?

डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) १० वरून ११ वर गेलात (२०२१ चं रिलीज) आणि नंतर एखादा नवीन युजर बनवलात की शॅडो फाईलमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या युजर्सचे पासवर्ड हॅश करून (परत मूळ पासवर्ड काढता येणार नाही अशा रूपात) ठेवलेले असतात तिथे, एक गंमत दिसते, जुन्या युजरच्या ओळीत पासवर्डच्या जागी डॉलर-सहा-डॉलर आणि नव्याच्या ओळीत डॉलर-वाय-डॉलर. ही खूण हॅश कोणत्या पद्धतीने काढलाय ते सांगते: सहा म्हणजे एसएचए-५१२ क्रिप्ट, वाय म्हणजे येसक्रिप्ट. आता सहावाला हॅश ८६ अक्षरांचा आणि वायवाला फक्त ४३, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की अरे, ५१२ वरून २५६ बिटवर आणलं की काय आपल्याला!

तसं नाहीये. हॅश उलटा फिरवत कोणी बसत नाही हो, फाईल चोरीला गेली की चोर सरळ अंदाज बांधतो, हा पासवर्ड असेल, तो असेल, आणि प्रत्येक अंदाजाचा हॅश काढून जुळवून बघतो. त्यामुळे लांबी गेली खड्ड्यात, एक अंदाज चोराला कितीला पडतो ते बघा.

सहावाला उलरिच ड्रेपरने २००७ मध्ये मांडला, ठरवून दिलं नसेल तर एका हॅशसाठी तेच गणित ५००० वेळा फिरवतो, म्हणजे ५००० फेऱ्या मारतो. पण त्याला मेमरी जवळजवळ लागतच नाही, म्हणून जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर) हजारो अंदाज एकाच वेळी आरामात चालतात. फेऱ्या वाढवता येतात, पण मग तुमचं स्वतःचं लॉगिनपण तेवढंच रखडतं.

येसक्रिप्ट अलेक्झांडर पेस्ल्याक उर्फ सोलर डिझायनरचं, कॉलिन पर्सिव्हलच्या एसक्रिप्ट या हॅश-पद्धतीवर उभं केलेलं. नेहमीच्या सेटिंगला एका अंदाजाला १६ एमबी मेमरी लागते. तुम्हाला लॉगिनला काहीच जाणवत नाही, चोराने मात्र एकदम हजार अंदाज लावले की झाले १६ जीबी. सॉल्ट (प्रत्येक पासवर्डमध्ये हॅश काढताना मिसळला जाणारा वेगळा तुकडा) दोघांतही आहे, तो फरक नाही. आणि पासवर्डच 'admin' च्या धर्तीवर असेल तर दोन्ही सारखेच निरुपयोगी.

अपग्रेडने जुने हॅश आपोआप बदलत नाहीत, कारण मूळ पासवर्ड सिस्टिमकडे नसतोच, युजरने पासवर्ड बदलला की मगच वाय येतो. उलट, वायवाली ओळ उचलून डेबियन १० मध्ये टाकलीत तर लॉगिनच होणार नाही, त्याला तो प्रकार कळतच नाही. दोन्हीकडे एकच फाईल चालवायची असेल तर नव्या मशीनवर पॅमच्या (लॉगिन-पासवर्ड तपासणाऱ्या यंत्रणेच्या) कॉमन-पासवर्ड फाईलमध्ये 'yescrypt' च्या जागी 'sha512' लिहा आणि पासवर्ड परत सेट करा.