पार्किन्सन्सच्या रुग्णाचा डबा: गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ

आमच्याकडून घरपोच डबा घेणाऱ्या ज्या कुटुंबांत पार्किन्सन्सचे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. आहाराने हा आजार बरा होत नाही. परंतु औषधाचा पुरेपूर उपयोग व्हावा आणि वजन घटू नये, यासाठी ताटात काय वाढले जाते याइतकेच ते केव्हा वाढले जाते यालाही महत्त्व आहे.

लेव्होडोपा हे या आजारावरचे प्रमुख औषध लहान आतड्यातून शोषले जाते आणि डाळ, दूध, अंडी, मटण यांतील प्रथिने पचून तयार होणारी काही अमिनो आम्लेही त्याच वाटेने रक्तात व पुढे मेंदूत जातात. त्यामुळे जेवणासोबत घेतलेल्या गोळीचा परिणाम काही रुग्णांना उशिरा किंवा कमी जाणवतो. म्हणून ही गोळी साधारणपणे जेवणापूर्वी ३० मिनिटे किंवा जेवणानंतर १ तासाने घेण्यास सांगतात. तिने मळमळत असल्यास सोबत थोडे केळे चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. लोहाची गोळी चालू असल्यास तीही लेव्होडोपापासून दूर ठेवावी लागते.

मात्र या कारणाने प्रथिनेच बंद करणे आम्हाला मुळीच योग्य वाटत नाही, कारण त्याने आधीच अशक्त झालेल्या माणसाचे स्नायू आणखी झिजतात. डॉक्टरांनी सुचवले असल्यास आम्ही दुपारी भात, भाजी व भाकरी ठेवतो आणि घट्ट वरण, उसळ, दही रात्रीच्या डब्यात देतो.

बद्धकोष्ठता ही या आजारातली नित्याची तक्रार आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की ती वाढते, शिवाय उठताना रक्तदाब उतरून चक्करही येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसभर थोडे थोडे पाणी द्यावे.

कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी आपल्याकडे सर्वांच्या आवडीची आहे, पण गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णाला तिचे कोरडे कण ठसका आणतात. अशांसाठी मऊ भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून द्यावी, रुग्णाला ताठ बसवून जेवू घालावे आणि पाणी पितानाही ठसका लागत असल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिकरीत्याच लेव्होडोपा असते, त्यामुळे तिचे चूर्ण डॉक्टरांना न विचारता देऊ नये. डबा नोंदवताना गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून द्याव्यात. त्यानुसार आम्ही डबा पोहोचवण्याची वेळ ठरवू.