घरात बाळ आल्यावर कुत्रा का बिथरतो?

बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची पद्धत आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. माणसांच्या दृष्टीने तो आनंदाचा काळ असतो. घरातल्या कुत्र्याला मात्र एवढेच कळते, की रोज सकाळी फिरायला नेणारी आणि उरलेली पोळी हाताने भरवणारी बाई एके दिवशी बॅग घेऊन निघून गेली, दोन-तीन महिने दिसली नाही, आणि परत आली ती अंगाला धुरीचा, तेलाचा नि दुधाचा अनोळखी वास घेऊन, कडेवर एक रडणारा जीव घेऊन. त्याच दिवशी त्याला गॅलरीत बांधले जाते. आठवडाभरात तो धुतलेल्या दुपट्यांवर लघवी करू लागतो, पाळण्याजवळ कोणी बसले की मध्ये घुसतो, आणि घरातली मोठी माणसे निदान करून मोकळी होतात : याला बाळाचा हेवा वाटतो.

हे निदान अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूव्होस्ट यांनी २०१४ साली ३६ पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तान्ह्या मुलांमधील मत्सर तपासण्यासाठी वापरलेली पद्धतच त्यांनी कुत्र्यांसाठी बेतून घेतली होती. मालकाने आपल्या कुत्र्याकडे पूर्ण दुर्लक्ष करायचे आणि एका भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायचे. मग तसेच लाड एका प्लॅस्टिकच्या भोपळ्याचे करायचे. आणि शेवटी मुलांचे एक पुस्तक मोठ्याने वाचायचे. खेळण्यातल्या कुत्र्याच्या वेळी ७८ टक्के कुत्र्यांनी मालकाला ढोसले किंवा स्पर्श केला, भोपळ्याच्या वेळी ४२ टक्क्यांनी आणि पुस्तकाच्या वेळी जेमतेम २२ टक्क्यांनी. सुमारे चतुर्थांश कुत्रे तर त्या खेळण्यावर दात काढून धावले. कुत्र्यांना ते खेळणे खरे वाटले असेल का, असा आक्षेप यावर घेतला गेला. पण बहुतेकांनी त्याच्या शेपटीखाली हुंगून पाहिले होते, आणि कुत्र्यांच्या जगात ओळखपाळख तिथूनच सुरू होते. पुढे २०२१ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ कुत्र्यांच्या पट्ट्यावर पडणारा ताण मोजला. मालक आडोशामागे असलेल्या नकली कुत्र्याला कुरवाळत असल्याचे वाटले, की कुत्री अधिक जोराने पट्टा ओढत. तिथे कापडाची गुंडाळी असली तर तितका जोर लावत नसत.

तेव्हा मत्सरासारखे काहीतरी कुत्र्यामध्ये असावे, असे मानायला जागा आहे. तरीही घरगुती वापरातला 'हेवा' हा शब्द मला अडचणीचा वाटतो, कारण तो उच्चारला की दोष कुत्र्याच्या स्वभावात जाऊन बसतो आणि घरातल्या बदललेल्या व्यवहाराकडे कोणी पाहत नाही. फिरायला जाण्याची वेळ चुकते, झोपायची जागा बदलते, खोलीचे दार बंद होते, रात्री-अपरात्री रडण्याचा आवाज येतो. माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या दुपटीहून वरचे सूर कुत्र्याला ऐकू येतात, हे लक्षात घेतले तर त्या आवाजाने तो अस्वस्थ का होतो हे समजणे कठीण जाऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट आपण नकळत त्याला शिकवत असतो. बाळ जागे असताना कुत्रा जवळ आला की 'हट्', 'चल बाहेर' असे ओरडून त्याला हाकलले जाते. बाळ झोपले की मनाला लागलेली टोचणी घालवण्यासाठी सगळे जण त्याचे लाड करतात. घंटेचा आणि अन्नाचा संबंध जोडणारी पावलोव्हची कुत्री शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असतात, पण आपल्याच दिवाणखान्यात तोच प्रयोग उलट्या दिशेने चालू आहे हे ध्यानात येत नाही. बाळ समोर असणे म्हणजे हकालपट्टी आणि बाळ नसणे म्हणजे सुख, एवढा साधा हिशेब कुत्रा काही दिवसांत शिकतो.

उपायाचे मर्म हा हिशेब उलटवण्यात आहे. बाळाला दूध पाजताना कुत्र्याला शेजारी ठरलेल्या चटईवर बसवावे, तो शांत बसला की हळू आवाजात नाव घेऊन उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा द्यावा, आणि बाळ झोपल्यावर मात्र त्याच्याकडे विशेष लक्ष देऊ नये. सुरुवातीला हे निष्ठुरपणाचे वाटते. पण बाळ जागे झाले की आपल्यालाही काहीतरी चांगले मिळते, हे एकदा त्याच्या मनात रुजले की पाळणा हलू लागताच तो स्वतःहून चटईवर जाऊन बसतो.

माहेरपणाचे ते दोन-तीन महिने तयारीसाठी वापरता येतात. फिरायला नेणारी व्यक्ती, जेवणाची वेळ आणि झोपण्याची जागा यांत जे बदल होणारच आहेत ते बाळ येण्याच्या बऱ्याच आधी करावेत, म्हणजे त्यांचे खापर कुत्रा बाळावर फोडणार नाही. रडण्याचा ध्वनिमुद्रित आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून त्याच वेळी खाऊ द्यावा आणि तो निवांत राहिला तरच आवाज थोडा वाढवावा. बाळाचे वापरलेले दुपटे घरी आणून त्याला दुरून हुंगू द्यावे. प्रत्यक्ष घरी येण्याच्या दिवशी कुत्र्याला लांबवर फिरवून आणावे, आईने बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळ्या हातांनी आधी त्याला भेटावे, आणि उड्या मारून झाल्या, तो शांत झाला, की पट्टा धरून लांबून बाळ दाखवावे. बारशाच्या गर्दीत मात्र त्याला आतल्या खोलीतच राहू द्यावे. त्या दिवशी त्याला 'सवय' लावण्याचा अट्टहास नको.

कुत्रा चावण्यापूर्वी बहुतेक वेळा सूचना देतो, पण ती आपल्याला वाचता यावी लागते. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, तोंड फिरवणे, अंग चोरणे, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग आणि एकाएकी ताठरलेले शरीर ही सगळी 'मला हे नको आहे' अशी वाक्ये आहेत. गुरगुरणे हे त्यातले सर्वांत स्पष्ट वाक्य. त्यावर फटका मारला तर कुत्र्याची भीती जात नाही, फक्त सूचना देण्याची सवय जाते, आणि मग तो 'काहीही न करता अचानक' चावल्याची तक्रार ऐकू येते. पोर्तुगालमधील पोर्तो येथे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात, शिक्षेच्या पद्धतीने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाणही प्रशिक्षणानंतर अधिक वाढलेले आढळले.

लहान मुलांना ही भाषा मुळीच येत नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांना असे दिसले, की दात विचकलेला कुत्रा हसतो आहे असे लहान मुलांपैकी पुष्कळांना वाटते.

खरी कसोटी बाळ रांगू लागल्यावर, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या महिन्यापासून लागते, आणि नेमके तेव्हाच घरातले निर्धास्त झालेले असतात. पाळण्यातले बाळ हलत नव्हते. आता ते कुत्र्याच्या ताटलीपर्यंत, झोपेपर्यंत, शेपटीपर्यंत पोहोचते. मुलांना चावलेल्या कुत्र्यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की ओळखीच्या मुलांना चावण्याचे प्रसंग अधिक करून खाणे किंवा आवडती वस्तू राखण्यावरून घडले होते. म्हणून कुत्र्याचे जेवण बंद दारामागे व्हावे, आणि त्याला अशी एक जागा असावी, की जिथे मूल कधीही जाणार नाही. छोट्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली कमरेएवढी जाळीसुद्धा पुरते. म्हातारा कुत्रा चिडचिडा झाला असेल तर सांधे, कान आणि दात पशुवैद्याकडून आधी तपासून घ्यावेत, कारण दुखऱ्या अंगावर पडलेला चिमुकला हात त्याला सहन होत नाही. कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याला आणि बाळाला एका खोलीत मोठ्या माणसाविना ठेवू नये.

एवढे करूनही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नये, आणि कुत्रा घरचा व लस दिलेला असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की त्याचा हात आपल्या हातात धरून कुत्र्याच्या छातीवरून किंवा खांद्यावरून दोन-तीनदाच फिरवावा आणि काढून घ्यावा. कुत्र्याने नाक पुढे करून आणखी मागितले तर पुन्हा फिरवावा. तो उठून चालू लागला तर मुलाला हात हलवून त्याला 'टाटा' करायला शिकवावे आणि त्याला जाऊ द्यावे.