थंडीत केळी खाल्ली की सर्दी होते? नाही हो

डिसेंबर लागला की आमच्या घरात केळी बंद, आजीची ऑर्डर, "पोरांना खोकला होईल". आणि राहतो कुठे तर जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडून केळीचे ट्रक भरभरून बाहेर चाललेत, २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचीच खासियत असल्याची सरकारी नोंद) पण मिळालाय, आणि आम्ही पोरांसाठी बाहेरून आलेलं महागडं सफरचंद विकत घेतोय.

तर सर्दी होते व्हायरसमुळे, केळीमुळे नाही. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो, एकाचं दुसऱ्याला लागतं, आणि त्याच दिवसांत कोणी केळी खाल्लेली असतेच, मग नाव कोणाचं? केळीचं. खाल्ल्यावर घशात चिकट वाटतं हे खरंय, पण तेवढ्याने कोणी आजारी पडत नाही. (ज्याला केळीची ॲलर्जी असेल किंवा किडनीचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारावं, ते वेगळं.)

थंडीचा त्रास उलट केळीलाच होतो बरं का! साधारण १३ डिग्रीच्या खाली साल काळपट पडते, बागेत गारठ्याने होतं त्याला आपल्याकडे चरका म्हणतात, फ्रिजमध्ये ठेवली तरी तेच, आतला गर मात्र बहुतेक वेळा चांगला असतो.

आता आमच्याकडे दुपारी केळी आणि रात्री भरीत-कळण्याची भाकरी, वांगी पण इथलीच. आजी अजून नाक मुरडते, पण परवा शिकरण तिनेच केलं.