वणवा विझला, पण ओढ्याचा गाळ बघितला का?

उन्हाळा लागला की किनवट-माहूरच्या सागाच्या जंगलात, गौताळ्यात, बालाघाटच्या गवताळ डोंगरांवर वणवे लागतातच. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवतं, कुणी गवत चांगलं फुटावं म्हणून, आणि आग हाताबाहेर जाते. झाडं किती गेली, जनावरं किती होरपळली हे बोललं जातं, पण त्या डोंगराखालच्या ओढ्यात राखेबरोबर कुठले धातू उतरले हे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आग धातू तयार करत नाही, अडकलेले मोकळे करते. झाडं मुळांवाटे मँगनीज, जस्त, तांबं ओढून पानांत साठवतात, वरून धुळीतलं पण बसतं. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडं 2000 साली बंद झालं तरी रस्त्याकडेच्या मातीत ते शिसं अजून आहे, कारण धातू कुजत नाही. पाला जळाला की बराचसा भाग धूर होऊन जातो आणि हे सगळं मूठभर राखेत दाटून राहतं. पारा तेवढा वाफ होऊन उडतो आणि लांब कुठंतरी खाली बसतो.

मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो. जमीन उघडी, आग कडक असेल तर पाल्यातला मेणासारखा अंश मातीच्या कणांवर बसलेला, त्यामुळं पाणी मुरतच नाही, सगळं घसरत ओढ्यात येतं, काळं न् फेसाळ. काही दिवसांनी पाणी निवळतं आणि लोकांना वाटतं झालं, संपलं. पण धातू जास्त करून चिकटलेले असतात बारीक गाळाला, आणि तो तळाशी असतो. म्हणून शास्त्रज्ञ बऱ्याचदा गाळ चाळून 0.063 मिलिमीटरपेक्षा बारीक कणच तपासतात, चिमटीत घासला तर वाळूसारखा न लागता पिठासारखा लागतो तो. डोहाच्या तळाला ऑक्सिजन संपला की या कणांवरचे लोह-मँगनीजचे थर विरघळतात आणि त्यांना धरून बसलेलं आर्सेनिक, म्हणजे एक विषारी मूलद्रव्य, परत पाण्यात सुटतं.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये बोल्डरजवळ 2010 मध्ये जुन्या खाणींच्या भागात वणवा लागला, नंतरच्या वादळी पावसात खाणींच्या कचऱ्यातलं आर्सेनिक आणि धातू ओढ्यात आले. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की कॅलिफोर्नियातल्या क्रोमियम भरपूर असलेल्या मातीत आगीच्या उष्णतेनं निरुपद्रवी क्रोमियमचं विषारी, सहा-संयुजी क्रोमियम होतं. आपल्या मराठवाड्यात तशा खाणी नाहीत, आणि आग बहुतेक जमिनीलगत पाला-गवत जाळत जाते, त्यामुळं तितका धोका मी म्हणणार नाही. पण आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात क्रोमियम, निकेल, तांबं ग्रॅनाइटपेक्षा जास्तच असतं, म्हणून तपासायला तर पाहिजेच ना.

आणि मराठवाड्यात हा गाळ तळ्यातच राहत नाही. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टर भरभरून शेतात जातो. योजना चांगलीच आहे, हलक्या रानाला गाळानं जीव येतो, मी विरोध करत नाही. फक्त वर डोंगर जळालेला असेल तर दोन नमुने घ्या, एक जळालेल्या बाजूच्या ओढ्याचा आणि एक न जळालेल्या बाजूचा, म्हणजे खडकातलं मुळातलं किती आणि आगीनं आणलेलं किती हे कळतं. नमुना देताना एक सांगायला विसरू नका, नेहमीच्या माती परीक्षणात जस्त, लोह, तांबं, मँगनीज येतं, शिसं, कॅडमियम, क्रोमियम येत नाही, ते वेगळं मागावं लागतं.