सदय मत्स्यवध

संवर्धित माशांना अन्नासाठी मारताना त्यांची शुद्ध तत्काळ, निदान त्रास न होता, हरपावी आणि मृत्यूपर्यंत ती परतू नये अशा रीतीने केलेला वध. निपचित पडलेला मासा बेशुद्ध असतोच असे नाही; म्हणून प्रयोगशाळेत पद्धतीची पारख मेंदूच्या विद्युत् आलेखावरून केली जाते, तर प्रत्यक्ष कामाच्या जागी कल्ल्यांच्या झाकणांची लय आणि मासा कुशीवर वळवताना होणारी डोळ्याची प्रतिक्षिप्त हालचाल थांबली की नाही हे पाहतात.

पाण्याबाहेर काढलेल्या ट्राउट या थंड पाण्यातील माशांवरील, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेंदूचा दृश्य-प्रतिसाद (डोळ्यावर प्रकाश पडल्यावर मेंदूत उमटणारा विद्युत् संकेत) २०° से. तापमानाला सुमारे २.६ मिनिटांत, तर २° से. तापमानाला सुमारे ९.६ मिनिटांनी नाहीसा झाला. बर्फात मासा शांतपणे मरतो हे म्हणणे त्यामुळे निदान थंड पाण्यातील जातींना लागू पडत नाही. तेथे बर्फ यातना लांबवतो. कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाण्यात मासे प्रथम जोराने तडफडतात आणि शुद्ध जाण्यापूर्वीच निश्चल होतात. नॉर्वेमध्ये सॅमनसाठी ही पद्धत बंद करण्यात आली आहे. सॅमनच्या डोक्यावर यांत्रिक आघात करून लगेच कल्ले कापणे ही पद्धत, यंत्र माशाच्या आकारमानाशी जुळवलेले असल्यास, अधिक खात्रीची ठरते. विजेच्या झटक्याने बेशुद्ध करण्याच्या बाबतीत पाण्याची विद्युत्‌वाहकता, माशाची जात आणि प्रवाहाचा काळ यांचा मेळ बसावा लागतो. प्रवाह अपुरा पडल्यास केवळ स्नायू आखडतात व मासा शुद्धीवर असतानाच कापला जातो.

जपानमधील ‘इकेजिमे’ या पद्धतीत टोकदार हत्याराने मेंदू भेदून रक्त काढतात. काही वेळा पृष्ठरज्जूच्या पोकळीत तारही घालतात. तिचा उगम सामान्यतः एदो काळात (१६०३–१८६८) मानला जातो. मात्र मरणोत्तर ताठरता लांबणीवर टाकून मांसाची चव राखणे हा तिचा हेतू दिसतो, त्यामुळे तिला दयेची प्राचीन परंपरा म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. नेम चुकला तर तीही क्रूरच ठरते.

माशांना वेदना होते काय, हा वाद मिटलेला नाही. संशोधक लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउटच्या डोक्याच्या भागात वेदनाग्राहक असल्याचे दाखवले. मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन की यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या रचनेच्या आधारे वेदनेची शक्यता नाकारली. माशांच्या वर्तनातील बदल लक्षात घेता वेदना होते हे मत अधिक ग्राह्य वाटते.

यूरोपीय संघाच्या २००९ च्या नियमात माशांसाठी केवळ टाळता येण्याजोगी वेदना टाळण्याचे सर्वसाधारण बंधन आहे. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील ‘प्राणी’ या व्याख्येत मनुष्येतर सर्व सजीव येतात, म्हणजे मासेही. हवेतून श्वास घेणारी मरळ पाण्याबाहेर दीर्घकाळ जिवंत राहते व बाजारात जिवंतच विकली जाते. तिच्या बाबतीत गुदमरून मरू देणे विशेष क्लेशकारक आहे.