शिक्षणविषयक प्रकार्यवाद

शिक्षणविषयक प्रकार्यवाद : समाज टिकून राहण्यासाठी शिक्षणसंस्था कोणकोणती कामे पार पाडते, या प्रश्नापासून सुरुवात करणारी समाजशास्त्रीय विचारधारा. नव्या पिढीचे सामाजिकीकरण, समाईक मूल्यांची रुजवण, व्यवसायोपयोगी कौशल्ये देणे आणि माणसे पारखून त्यांना निरनिराळ्या पदांपर्यंत पोहोचवणे ही कामे सामान्यतः सांगितली जातात. यांतील शेवटचे काम सर्वांत वादग्रस्त आहे. कोल्हापूर संस्थानाचा शैक्षणिक इतिहास त्या वादावर बराच प्रकाश टाकतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

संज्ञा : मराठीत ‘कार्यवाद’ आणि ‘प्रकार्यवाद’ हे दोन्ही शब्द वापरात आहेत. मानसशास्त्रातील विल्यम जेम्स, जॉन ड्यूई यांच्या संप्रदायालाही कार्यवादच म्हणतात. ड्यूई हे शिक्षणशास्त्रातलेही मोठे नाव असल्याने दोहोंची गल्लत सहज होते. ती टाळण्यासाठी येथे ‘प्रकार्यवाद’ हा शब्द घेतला आहे. प्रकार्य म्हणजे उद्देश नव्हे. एखादी संस्था कोणी, कशासाठी काढली हा एक प्रश्न; ती चालू राहिल्याने समाजात काय घडते हा दुसरा.

हा भेद फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम (१८५८–१९१७) यांनी १८९५ मध्ये स्पष्टपणे मांडला : सामाजिक घटनेचे कारण आणि तिचे कार्य यांचा शोध वेगवेगळा घ्यावा. द्यूरकेम १८८७ पासून बोर्दो येथे व १९०२ पासून पॅरिसमध्ये शिक्षणशास्त्र शिकवीत. फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले होते. चर्च बाजूला सारल्यावर मुलांना नीती कोणी द्यायची, हा त्या प्रजासत्ताकापुढचा रोकडा प्रश्न होता. शाळेने द्यायची, हे द्यूरकेमचे उत्तर. समाजाला पुरेसा एकजिनसीपणा हवा आणि श्रमविभागणीसाठी पुरेशी विविधताही हवी. शिक्षण दोन्ही घडवते, असे ते म्हणत. त्यांना प्रकार्यवादाचे जनक मानण्याचा प्रघात आहे. काही अभ्यासकांच्या मते मात्र हे लेबल पुढे अमेरिकी समाजशास्त्राने त्यांना चिकटवले. कारण-कार्य भेदाविषयीचा त्यांचा आग्रह पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स (१९०२–७९) यांनी १९५९ मध्ये अमेरिकी प्राथमिक वर्गाचे विश्लेषण केले. घरात मूल ‘आमचे’ म्हणून जोखले जाते. वर्गात एकाच वयाच्या मुलांना एकच काम देऊन एकाच मापाने मोजले जाते. म्हणजे शाळा ही जन्मदत्त दर्जाकडून कर्तृत्वाकडे नेणारा पूल ठरते. त्याआधी किंग्जली डेव्हिस व विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये असे मांडले होते, की महत्त्वाच्या पदांसाठी दीर्घ प्रशिक्षण लागते, आणि त्या पदांना मोबदला व मान जास्त असल्याखेरीज लायक माणसे ती तोशीस सोसणार नाहीत. मेल्विन टूमिन यांनी १९५३ मध्ये यावर आक्षेप घेतला : शिकण्याची संधीच असमान असेल, तर लायकी कोणात आहे हे कळणार कसे?

कोल्हापूर : राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती, असा आकडा चरित्रग्रंथांत दिला जातो. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या हुकुमाची चर्चा बहुधा आरक्षणाच्या इतिहासात होते. त्यातला युक्तिवाद मात्र शिक्षणाच्या समाजशास्त्राचा आहे. उत्तेजन देऊनही मागासलेल्या जातींत उच्च शिक्षण पसरत नाही, कारण त्या शिक्षणाची फळे पुरेशी दूरवर वाटली जात नाहीत, असे त्यात म्हटले आहे. मोबदला दिसल्याशिवाय कोणी शिकण्याची झळ सोसत नाही, हे डेव्हिस-मूर यांचेच गृहीतक, तेही ४३ वर्षे आधी. निष्कर्ष मात्र उलटा. पदांची वाटणी आपोआप योग्यतेवर होत नाही, म्हणून आधी वाटणी बदलावी, म्हणजे शिक्षण मागून येईल.

वसतिगृहांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. राजाराम कॉलेजला जोडून १८९६ च्या सुमारास सर्व जातींसाठी निघालेल्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला, असे सांगतात. त्यानंतर जातवार बोर्डिंगांची पद्धत आली : व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८) इत्यादी. एकूण संख्या वीस ते तेवीस अशी वेगवेगळी दिली जाते; कोल्हापूरबाहेरची वसतिगृहे धरायची की नाही, यावर ती अवलंबून असावी. खेड्यातला मुलगा जातीच्या बोर्डिंगात उतरत असे आणि तेथून सर्वांसाठी एकच असलेल्या परीक्षेला बसत असे. पार्सन्सच्या पुलाची पहिली पायरीच येथे जन्मदत्त होती. बोर्डिंगांचे कारण राहण्या-जेवणाची अडचण. त्यांचे प्रकार्य मात्र जातींतील शिक्षित नेतृत्व घडवणे हे ठरले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या परिभाषेत राहण्या-जेवणाची सोय हे प्रकट (हेतुपुरस्सर) प्रकार्य, तर नेतृत्व घडवणे हे अप्रकट (हेतूबाहेरचे).

याच परंपरेतून एक अनपेक्षित धागा निघाला. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील (१८८७–१९५९) जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील, जेवतील असे वसतिगृह सुरू केले. त्याला नाव शाहूंचेच दिले गेले.

संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला. समाईक संस्काराचे द्यूरकेमप्रणीत काम येथून सुरू होते.

टीका : महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, रयतेच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, अशी तक्रार केली होती. पिएर बोर्द्यू व ज्याँ-क्लोद पासराँ (१९७०), तसेच सॅम्युएल बोल्स व हर्बर्ट गिंटिस (१९७६) यांनी शाळा विषमतेचेच पुनरुत्पादन करते, असे दाखवले. रँडल कॉलिन्स (१९७९) यांच्या मते पदव्या कौशल्याचे माप नसून नोकरीच्या दारावरचा पहारा आहेत.

भारतातील प्रभाव : शिक्षण आणि राष्ट्रविकास यांची सांगड घालणाऱ्या कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) विचारात प्रकार्यवादी धाटणी दिसते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक (१९०७–८१) आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. समता, गुणवत्ता आणि संख्या ही तिन्ही एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला जमलेले नाही, असे त्यांनी १९७५ मध्ये लिहिले.